शाळेची शताब्दी २०२६ ला की २०२७ ला? जुन्या जनरल रजिस्टरवरून शाळेचा इतिहास लिहिण्याबद्दल

पेठेतली_घंटा

नमस्कार मंडळी. पुण्यातल्या एका पेठेतल्या मराठी माध्यमाच्या अनुदानित माध्यमिक शाळेचा शताब्दी ग्रंथ तयार करण्याचं काम समितीकडे आलं आहे. पहिल्याच पायरीवर अडलं आहे. दारावरच्या दगडी पाटीवर 'स्थापना माघ शुद्ध ५, शके १८४८' असं कोरलेलं आहे. सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेत स्थापना १९२६ छापली आहे. संस्थेच्या नोंदणीच्या कागदावर मात्र १९२९ आहे. शताब्दी कोणत्या वर्षी धरायची?

कार्यालयात जनरल रजिस्टरचे, म्हणजे विद्यार्थ्यांच्या प्रवेशाच्या आणि शाळा सोडल्याच्या नोंदवहीचे, चौदा खंड आहेत. पहिल्या दोन खंडांची शिवण सुटली आहे, तिसऱ्याच्या खालच्या कडेला चिखलाची रेघ आहे. पहिल्या खंडात इयत्तेच्या रकान्यात कुठे 'इं. ३ री' आहे, कुठे 'म. ७ वी', तर कुठे नुसतंच '७'. शिवाय किर्दी (रोजच्या जमाखर्चाच्या वह्या), सूचना वह्या आणि फोटोंच्या दोन ट्रंका आहेत.

दुसरा प्रश्न परंपरांचा. भोंडला, शारदोत्सव, गणपतीतलं ढोलपथक हे सगळं 'पहिल्या वर्षापासून' आहे असं जुने विद्यार्थी सांगतात. छापायचं तर पुरावा हवा. तो कुठे शोधावा? आणि हे कागद हाताळताना नुकसान होऊ नये म्हणून काय काळजी घ्यावी?

---

शकगणित

शताब्दी २०२७. स्मरणिकेतली चूक कशी झाली तेही सांगता येतं. शकाच्या आकड्यात ७८ मिळवले की इसवी सन येतो, हे सगळ्यांना पाठ असतं; पण ते पाडव्यापासून डिसेंबरअखेरपर्यंतच्या तिथींना लागू. १ जानेवारी ते पुढचा पाडवा या काळात शक तोच राहतो आणि सन बदललेला असतो, म्हणून तिथे ७९ मिळवायचे. शके १८४८ चा पाडवा १९२६ च्या वसंतातला, आणि त्या शकातला माघ आला १९२७ मध्ये. माघ शुद्ध पंचमी म्हणजे वसंतपंचमी, सरस्वतीपूजनाचा दिवस, त्यामुळे शाळेच्या आरंभासाठी तो निवडला असणं अगदी साहजिक आहे. पाटीवर 'विजयादशमी शके १८४८' असतं तर १९२६ बरोबर ठरलं असतं. पौष, माघ, फाल्गुन दिसला की थांबून हिशोब करा. पौष तर अनेकदा डिसेंबर-जानेवारीत विभागलेला असतो, तिथे जुनं पंचांग उघडल्याशिवाय सन लिहू नका.

१९२९ चा कागद हा शाळेचा नव्हे, संस्थेचा जन्मदाखला आहे. आधी शाळा आणि मग संस्था हा क्रम पुण्यात जुनाच आहे. न्यू इंग्लिश स्कूल १८८० च्या जानेवारीत सुरू झालं आणि डेक्कन एज्युकेशन सोसायटी स्थापन झाली २४ ऑक्टोबर १८८४ ला. म्हणून ग्रंथात एकच 'स्थापना' लिहू नका. शाळा भरू लागली तो दिवस, संस्थेची नोंदणी, सरकारी मान्यता, पहिलं अनुदान आणि पहिली मॅट्रिकची तुकडी या पाच तारखा वेगळ्या असतात आणि पाचही द्यायला हव्यात.

शेवटच्या तारखेवरून पहिली पडताळता येते. बऱ्याच शाळा खालचे वर्ग उघडून दरवर्षी एक वर्ग वाढवत पूर्ण हायस्कूल होत. १९२७ च्या जूनला फक्त इंग्रजी पहिली असेल, तर इंग्रजी सातवी १९३३-३४ ला येते आणि पहिली तुकडी १९३४ च्या मॅट्रिकला बसते. सन्मानफलकावर पहिलं नाव १९३२ चं असेल, तर सुरुवात एकदम इंग्रजी तिसरीपर्यंतच्या वर्गांनी झाली असणार. ते रजिस्टरच्या पहिल्या पन्नास-साठ नोंदींत लगेच दिसेल: प्रवेशाची तारीख जवळजवळ एकच आणि इयत्ता तीन प्रकारच्या.

आता इयत्तांचं कोडं. त्या काळी मराठी चौथी झाली की मुलगा इंग्रजी पहिलीत जाई. म्हणजे इंग्रजी पहिली ही आजची पाचवी, इंग्रजी चौथी ही आठवी आणि इंग्रजी सातवी म्हणजे मॅट्रिकचा वर्ग, शालेय अकरावं वर्ष. मराठी सातवी हा वेगळाच रस्ता: व्हर्नाक्युलर फायनलची परीक्षा, जिच्या जोरावर प्राथमिक शिक्षकाची किंवा तलाठ्याची नोकरी मिळे. तुमच्या रजिस्टरमधला नुसता '७' हा 'पूर्वीची शाळा व इयत्ता' या रकान्यात असेल तर बहुधा मराठी सातवी, आणि 'शाळा सोडतानाची इयत्ता' या रकान्यात असेल तर बहुधा मॅट्रिक. शंका असेल तिथे जन्मतारीख बघा. शाळा सोडताना वय सोळाच्या पुढे असेल तर इंग्रजी सातवी धरायला हरकत नाही. मात्र ग्रंथात जसं लिहिलंय तसं छापा आणि तुमचा अर्थ बाजूला द्या. मूळ शब्द आजच्या इयत्तांत बदलून टाकू नका.

परीक्षेची नावंही काळ सांगतात. १९४८ पर्यंत मुंबई विद्यापीठाची मॅट्रिक, १९४९ पासून एस.एस.सी. बोर्डाची परीक्षा, १ जानेवारी १९६६ पासून आजचं राज्य मंडळ, आणि मार्च १९७५ मध्ये नव्या आकृतिबंधातली दहावीची पहिली परीक्षा. त्या सुमारास जुनी अकरावी आणि नवी दहावी अशा दोन तुकड्या फलकावर लागोपाठ दिसतात. फलक पुन्हा रंगवताना यातलंच एक नाव गळण्याची शक्यता सर्वांत जास्त, तेव्हा फलकावरची नावं निकालपत्रकाशी ताडून पाहा.

---

रुमालातले_कागद

कागदांबद्दल. आधी वेळ ठरवा. जून ते सप्टेंबर रजिस्टरं उघडूच नका. पुण्याच्या पावसाळी हवेत कागद ओल धरतो, पानं चिकटतात आणि झोपलेली बुरशी जागी होते. दिवाळीनंतर फेब्रुवारीपर्यंतचा कोरडा काळ या कामासाठी उत्तम.

सुरुवात मोठ्या टेबलावर पांढरी चादर घालून करा. मास्क लावा. दोन इंची मऊ ब्रशने धूळ झाडायची ती शिवणीकडून बाहेरच्या कडेकडे. उलट दिशेने झाडलीत तर सगळी धूळ आणि कसरीची अंडी शिवणीत जाऊन बसतात. ओलं फडकं अजिबात नको. जुनी निळी-काळी शाई पाण्याने पसरू शकतेच, पण त्याहून दगा देते ती कॉपिंग पेन्सिल. कोरडी असताना ती साध्या शिसपेन्सिलीसारखी करडी दिसते, आणि ओल लागली की जांभळी होऊन आख्ख्या पानभर फुटते. जुन्या शेऱ्यांत आणि दुरुस्त्यांत ती सापडतेच.

फाटलेल्या पानाला सेलोटेप लावू नका. दहा-पंधरा वर्षांत फीत गळून पडते, तिचा डिंक मात्र कागदात मुरून पिवळाकाळा पट्टा उरतो आणि त्याखालची अक्षरं जातात. फेव्हिकॉलही नको, कारण तो पुन्हा सोडवता येत नाही. लॅमिनेशन म्हणजे तर कागदाला कायमचं कोंडणं. दुरुस्तीला जपानी टिश्यू आणि गव्हाच्या सत्त्वाची खळ वापरतात. कणीक नव्हे, सत्त्वच. एक भाग सत्त्वाला चार-पाच भाग पाणी, मंद आचेवर वीस-पंचवीस मिनिटं सतत ढवळत पारदर्शक होईपर्यंत शिजवायचं, गार झाल्यावर गाळून घ्यायचं आणि लावताना अगदी पातळ थर द्यायचा. ही खळ फार दिवस टिकत नाही, लागेल तेवढीच करा. टिश्यूची पट्टी कात्रीने कापू नका, पाण्याची रेघ ओढून हाताने फाडा, म्हणजे तिची तंतुमय कड कागदात मिसळते. शाई विरघळते का हे आधी एखाद्या बिनमहत्त्वाच्या टिंबावर ओलसर कापूस टेकवून बघा. विरघळत असेल तर तिथे हात न लावता पान तसंच पाकिटात ठेवा आणि ते जाणकाराचं काम समजा. शिवण सुटलेले दोन खंड नव्याने बांधायला बाइंडरकडे लगेच देऊ नका. कडा समान करायला तो यंत्राने कापतो, आणि जुन्या रजिस्टरांत नेमके अनुक्रमांक कडेला असतात.

कसर किंवा वाळवी असेल तर खंड प्लॅस्टिकच्या जाड पिशवीत हवा काढून बंद करा आणि उणे अठरा-वीस अंशांच्या डीप फ्रीझरमध्ये दोन आठवडे ठेवा. बाहेर काढल्यावर पिशवी एक दिवस उघडायची नाही, नाहीतर बाहेरच्या हवेतलं बाष्प थेट कागदावर जमतं. डांबराच्या गोळ्या कागदाला टेकवून ठेवू नका. ठेवायला जुनी रीतच चांगली. पेशवे दप्तरातले कागद रुमालात बांधलेले असतात, तसं मांजरपाट दोनदा धुऊन खळ काढून टाका, त्यात खंड बांधा आणि भिंतीपासून चार बोटं लांब, जमिनीपासून वीतभर उंच आडवा ठेवा. असे मोठे खंड उभे ठेवले की स्वतःच्या वजनाने शिवण तोडतात.

फोटो काढायचे तर एका वेळी एकच पान. उघडं रजिस्टर साधारण सत्तावीस इंच रुंद होतं. बारा मेगापिक्सेलच्या फोनने अख्खी जोडी टिपलीत तर इंचाला जेमतेम दीडशे ठिपके मिळतात आणि बारीक शेरा वाचता येत नाही. एकेक पान घेतलंत तर ते सव्वादोनशेच्या पुढे जातात. फोन स्टँडवर, पानाला समांतर. प्रकाश दोन्ही बाजूंनी तिरका, फ्लॅश बंद. पानाशेजारी पट्टी ठेवा. दोन माणसं, एक पान उलटणारं आणि एक टिपणारं, दोनशे पानांचा खंड एका दिवसात सावकाश पुरा करतात. फाइलला नाव देताना खंड आणि पान दोन्ही घाला. तीन प्रती करा, त्यातली एक शाळेच्या इमारतीबाहेर.

एक महत्त्वाचं. जनरल रजिस्टर हा कायम जतन करायचा अभिलेख आहे. मुख्याध्यापकांच्या लेखी परवानगीशिवाय उघडू नका, कार्यालयाबाहेर नेऊ नका आणि त्यात पेन्सिलीची खूणसुद्धा करू नका. जात पडताळणीसाठी १९५०, १९६१ आणि १९६७ पूर्वीच्या नोंदींचे उतारे लोक आजही मागायला येतात. जुने खंड सर्वांत जास्त झिजतात ते त्यामुळेच. चांगले फोटो तयार असतील तर दर वेळी मूळ खंड काढावा लागणार नाही. शताब्दीच्या निमित्ताने एवढं एक काम झालं तरी शाळेवर मोठे उपकार होतील.

---

पेठेतली_घंटा

शकगणित, रुमालातले_कागद, मनापासून आभार. ७८ आणि ७९ चा मुद्दा समितीपुढे आजच ठेवला. एक शंका. तिसऱ्या खंडाला चिखलाची रेघ आहे, पण त्याआधीचा दुसरा खंड शिवण सुटलेली असूनही आतून कमालीचा स्वच्छ आहे. अक्षर सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकच, वळणदार. तो सर्वांत विश्वासार्ह धरावा ना?

---

बोरू

उलट, त्याच खंडाकडे सर्वांत जास्त संशयाने बघा. तो मूळ नसून नक्कल असण्याची शक्यता दाट आहे.

१२ जुलै १९६१ ला पानशेत धरण फुटलं, खडकवासलाही गेलं आणि नदीकाठच्या पेठांतली दप्तरंच्या दप्तरं चिखलात गेली. भिजलेली रजिस्टरं नंतर नव्या कोऱ्या छापील वह्यांत उतरवून काढण्याशिवाय शाळांपुढे इलाज नव्हता. नक्कल ओळखायच्या खुणा अशा. खऱ्या रजिस्टरमध्ये दर जूनला शाई बदलते, दर दोन-चार वर्षांनी अक्षर बदलतं आणि 'शाळा सोडल्याची तारीख' प्रवेशाच्या नोंदीपेक्षा वेगळ्या हाताची असते, कारण ती पाच-सात वर्षांनंतर भरलेली असते. नकलेत आडवी ओळ अथपासून इतिपर्यंत एका बैठकीत लिहिलेली दिसते. १९३५ ची नोंद बॉलपेनने केलेली असेल तर प्रश्नच मिटला. रकाने बघा: आईच्या नावाचा स्वतंत्र छापील रकाना त्या काळच्या रजिस्टरात नसतो. पानाच्या तळाशी छापखान्याची बारीक ओळ असते, तिच्यात कधी कधी छपाईचं सालही असतं.

नक्कल म्हणजे खोटी असं नाही, आज शाळेचं रजिस्टर तीच आहे. पण उतरवताना चुका होतात, आणि त्या ठरावीक असतात. जुन्या हातातला १ आणि ९ एकमेकांसारखा दिसतो. 'सदर' असं लिहिलेलं असेल तिथे वरच्या ओळीतली चुकीची गोष्ट खाली येते. मोडीतलं आडनाव बालबोधीत (देवनागरीत) आणताना काना-वेलांटी हलते, कारण मोडीत ऱ्हस्व-दीर्घाचा फरक पाळत नाहीत. पालकांचे मूळ प्रवेश अर्ज कुठे सापडले तर त्यांवरच्या सह्या मोडीत असू शकतात. भारत इतिहास संशोधक मंडळात मोडी वाचणारे भेटतात, त्यांच्याकडे जा.

जन्मतारखांवरून निष्कर्ष काढताना जपा. पानामागून पान १ जून दिसेल. जन्मतारीख माहीत नसेल तर शाळेत घालताना गुरुजी १ जून टाकत, प्रवेशाच्या वयाचा हिशोब सोपा व्हावा म्हणून. 'आमच्या शाळेतल्या किती विद्यार्थ्यांचा वाढदिवस एकच' अशी चौकट ग्रंथात टाकण्याचा मोह होईल, पण सोबत हे कारण दिलंत तरच तिला अर्थ.

नावं संगणकावर उतरवताना पहिला रकाना रजिस्टर क्रमांकाचा ठेवा, नावाचा नको. नावं सारखी असतात, क्रमांक नसतात. स्पेलिंग आणि शुद्धलेखन मुळाबरहुकूम. एकाने भरलेली दर विसावी नोंद दुसऱ्याने फोटोशी ताडायची; शंभर नोंदींमागे दोनपेक्षा जास्त चुका निघाल्या तर तो खंड पुन्हा तपासायचा.

---

खिरापत

परंपरांबद्दल लिहिते. 'पहिल्या वर्षापासून' हे वाक्य छापू नका. 'उपलब्ध पहिली लेखी नोंद अमुक सालची' असं लिहा. परंपरा त्यामुळे लहान होत नाही, वाचणाऱ्याला तिचा आधार कळतो.

आणि तो आधार आठवणींपेक्षा किर्दीत आधी शोधा. शाळेने कुठलाही उत्सव केला की दोन-चार रुपये खर्च होतात आणि ते किर्दीत पडतात. भाद्रपदात मूर्ती, शाडू, उदबत्ती, गुलाल. आश्विनात झेंडूची फुलं, पाट्या, शारदेची तसबीर. जानेवारीच्या आसपास गॅदरिंगचा मांडव, पेट्रोमॅक्सचं भाडं, पडदे, रंगभूषेचं सामान. खर्चाचा शब्द पहिल्यांदा कोणत्या साली येतो ते टिपा, मग त्याच महिन्याची सूचना वही उघडा. सूचना वहीत वार, वेळ आणि कोणत्या तुकडीने काय करायचं ते मिळतं. किर्द आणि सूचना वही जुळली की तारीख पक्की.

भोंडल्याबाबत एक अडचण येईल. तो हस्त नक्षत्रात होत असल्याने जुन्या वह्यांत 'हादगा' नावाने सापडू शकतो, तेव्हा दोन्ही शब्द शोधा. खिरापत मुलीच घरून आणत असतील तर किर्दीत काहीच पडणार नाही. मग मुलींच्या वर्गांच्या सूचना आणि हस्तलिखित अंक हाच आधार. शिवाय शाळेत मुली कधीपासून आहेत ते जनरल रजिस्टरवरून आधी पाहा. पहिली मुलगी १९४० नंतर दाखल झाली असेल, तर भोंडला १९२७ पासून असणं शक्यच नाही. गाणी लिहून घेताना प्रत्येक तुकडीच्या पाठातला फरक तसाच ठेवा. 'ऐलमा पैलमा' सगळीकडे आहे, पण पुढची कडवी आणि खिरापत ओळखायच्या ओळी शाळेगणिक बदलतात आणि तेच तुमच्या शाळेचं वैशिष्ट्य.

ढोलपथकाचं वय बिलांतून कळतं. आज विसर्जन मिरवणुकीत पुण्यातल्या शाळांची पथकं म्हटली की ज्ञान प्रबोधिनीचं बरची पथक डोळ्यांपुढे येतं, पण अनेक शाळांत त्याआधी लेझीम होतं आणि ढोल आला तो लेझमीच्या साथीला. म्हणून 'लेझीम जोड्या' आणि 'ढोल-ताशा दुरुस्ती' हे खर्च वेगवेगळे शोधा. चामड्याच्या पानांची बिलं जिथे थांबतात आणि फायबरच्या पानांची सुरू होतात, तिथे वाद्याचा आवाजही बदलला. चामड्याचं पान पावसाने सैल पडायचं, शेकून ताणावं लागायचं. हे तपशील त्या काळच्या वादकांकडून आत्ताच लिहून घ्या.

मुलाखतीत 'तेव्हा कसं वाटायचं' असं विचारलंत तर सगळ्यांकडून एकच उत्तर येतं. त्याऐवजी विचारा: घंटा कुठे टांगलेली होती, लोखंडी रुळाचा तुकडा होता की पितळी? ती कोण वाजवायचं? प्रार्थनेला रांगा कोणत्या दिशेला तोंड करून? डबा कुठे खायचात, पाणी माठातलं की नळाचं? वर्गाचा जुना फोटो हातात द्या आणि मागच्या रांगेपासून नावं विचारा. पुढच्या रांगेतल्या शिक्षकांची नावं कुठेतरी लिहिलेली असतातच. शिपाईमामांची आणि मागे उभ्या असलेल्या मुलांची मात्र कुणी लिहिलेली नसतात. फोटोच्या पाठीवर पेनने लिहू नका. मऊ पेन्सिलने कोपऱ्यात क्रमांक घाला, नावं वेगळ्या वहीत.

---

शकगणित

खिरापत यांच्या प्रतिसादाला जोडून, शाळेबाहेर कुठे शोधायचं ते सांगतो. धर्मादाय आयुक्त कार्यालयातून संस्थेच्या परिशिष्ट एकचा उतारा आणि जुने बदल अर्ज मागा. विश्वस्त कधी बदलले आणि देणगीमुळे शाळेचं नाव कधी बदललं ते त्यात येतं. इमारतीसाठी नगर भूमापन कार्यालयातलं मालमत्ता पत्रक. 'केसरी' १८८१ पासूनचा आणि 'ज्ञानप्रकाश' १८४९ ते १९५१ पर्यंतचा. शाळेच्या उद्घाटनाची बातमी शोधताना माघ शुद्ध पंचमीनंतरचे दोन आठवडे बघा, स्थानिक वृत्त नेहमी आतल्या पानात असतं. जून १९२७ चे अंकही चाळा, प्रवेशाची जाहिरात मिळू शकते आणि तिच्यात कोणते वर्ग उघडले ते स्पष्ट लिहिलेलं असतं.

लोकांच्या तोंडचं नावही नोंदवा. पुण्यातल्या मुलींच्या हुजूरपागा शाळेला आजही सगळे हुजूरपागाच म्हणतात, आणि त्या नावात पेशव्यांच्या घोड्यांची पागा तिथे होती ही माहिती टिकून राहिली आहे. तुमच्या शाळेला रिक्षावाले काय म्हणतात ते कागदावरच्या नावाशेजारी छापा.

---

बोरू

एक राहिलं. विद्यार्थ्यांची यादी छापणार असाल तर नाव आणि तुकडीचं साल एवढंच. जात, जन्मतारीख, वर्तणुकीचा शेरा, शाळा सोडण्याचं कारण यांतलं काहीही नावासकट छापू नका, माणूस हयात असो वा नसो. 'फी न भरल्याने नाव कमी' हा शेरा तुम्हाला शेकडो ठिकाणी दिसेल. नावं न देता वर्षवार आकडे काढा. कोणत्या वर्षी पेठेतल्या किती मुलांची शाळा फीपायी सुटली, हा तक्ता ग्रंथात पहिल्या पन्नास पानांत यायला हवा.